आजीची प्रभावती

आमच्या घरात एक वाद जवळजवळ वीस वर्षं चालला होता. वाद तसा अगदी क्षुल्लक. कोकणातली जी बोट बुडाली ती कुठली? बस्स, एवढाच. एका बाजूला आजी एकटी आणि दुसऱ्या बाजूला आम्ही सगळे. सगळे म्हणजे बाबा, दोन्ही काका, आत्या आणि शाळेत इतिहासात बरे मार्क पडतात म्हणून स्वतःला शहाणा समजणारा मी. आजीला जाऊन आता पंधरा वर्षं होऊन गेली. आणि परवा लक्षात आलं की वाद आजीनं जिंकला होता.

हे सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं, कारण इथे वाचणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्या वादातले आरोपी आहेत. (आत्या, तू पण!) उरलेल्या निम्म्यांना आमच्या आजीशी काही देणंघेणं नसलं तरी निदान एका विसरलेल्या बोटीची गोष्ट कळेल.

तर झालं असं.

आजीचं माहेर राजापूरच्या खाडीकडचं. लग्न होऊन ती कोल्हापुरात आली आणि मग पंचगंगेचीच झाली. आम्हा कोल्हापूरकरांचं आणि समुद्राचं नातं तसं गमतीचं आहे. एके काळी सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवणचं बंदर कोल्हापूरच्या गादीकडे होतं, ते १८१२ च्या तहात इंग्रजांनी घेतलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर वेगळं प्रकरण आहे, आणि अमात्यांची जहागीर आपल्या गगनबावड्याची. म्हणजे इतिहासात समुद्र आहे, पण रोजच्या जगण्यात नाही. मधे सह्याद्री उभा. कोल्हापूरला रेल्वे १८९१ मध्ये आली, तेव्हापासून मुंबईला जायचं म्हणजे मिरजेवरून गाडीनं. आजीच्या माहेरच्यांची मात्र मुंबई बोटीच्या पलीकडे होती.

त्या बोटीच्या गोष्टी आजी फार रंगवून सांगायची. मुसाकाजीच्या बंदरात बोट धक्क्याला लागत नसे. ती आत समुद्रात उभी राही आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जात. पडाव खालीवर हलतोय, वरून खलाशी हात देतोय, आणि बायका एका हातात पोर नि दुसऱ्या हातात गाठोडं घेऊन शिडी चढतायत. डेकवर जागा धरायची, चटई टाकायची, आणि शेजारी आंब्याच्या पेट्या, नारळ, सुक्या मासळीच्या टोपल्या. माणसं नि माल एकाच बोटीत. बोट लागली की निम्मा डेक आडवा. पावसाळ्याचे चार महिने बोटी बंद, मग मुंबईला गेलेल्या माणसाची खुशाली फक्त पत्रानंच. आजी सात-आठ वर्षांची असताना वडिलांबरोबर अशीच एकदा मुंबईला गेली होती. बोटीचं नाव प्रभावती. आयुष्यातली पहिली बोट, त्यामुळे नाव पक्कं डोक्यात बसलेलं.

आणि मग गोष्टीच्या शेवटी ती हमखास म्हणायची, "ती प्रभावती बुडवली रे मेल्यांनी. आपल्याच माणसांनी तोफा मारून बुडवली."

इथे आम्ही तुटून पडायचो. "आजी, रामदास गं ती! आणि तोफाबिफा काही नाही, वादळात कलंडली ती."

"रामदास वेगळी. ती नंतर बुडाली. प्रभावती आधी, लढाईत."

"अगं लढाई कुठली आपल्या कोकणात!"

ह्यावर ती पदरानं चष्मा पुसत गप्प बसायची. पुढे पुढे तर आम्ही तिची नक्कल करायला लागलो. घरात कुणी काही अचाट बोललं की "प्रभावती बुडाली वाटतं" असं म्हणायची पद्धतच पडली. आजीसुद्धा हसायची.

आमचीही बाजू सांगतो. महाराष्ट्रात बुडालेली बोट म्हटलं की कुणालाही रामदासच आठवणार. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली रामदास काश्याच्या खडकाजवळ वादळात सापडली आणि कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. महिन्याभरात स्वातंत्र्य येणार होतं, आणि गिरगाव-परळच्या चाळींत नि अलिबागकडच्या गावांत सुतक होतं. त्याआधी ११ नोव्हेंबर १९२७ ला जयंती आणि तुकाराम ह्या दोन बोटी एकाच दिवशी वादळात गेल्या होत्या. त्यांचीही नावं जुन्या लोकांच्या बोलण्यात यायची. ह्या यादीत प्रभावती कुठे ऐकलेलीच नव्हती. म्हातारं माणूस, दोन-तीन गोष्टींचं एक गाठोडं करत असणार, असं आम्ही धरून चाललो.

आता परवाची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय नौदलाविषयी वाचत होतो. (निमित्त वळिवडेच्या पोलिश छावणीचं, त्याबद्दल शेवटी.) तेव्हाच्या जहाजांची यादी समोर आली. हिंदुस्तान, इंडस, क्लाइव्ह, कॉर्नवालिस, लॉरेन्स अशी भारदस्त नावं. आणि त्यांच्या खाली एकदम पार्वती, प्रभावती, नेत्रावती, सत्यवती, लीलावती, रत्नागिरी!

मी चाट. युद्धनौकांच्या यादीत ही घरातल्या लेकीसुनांची नावं आली कुठून? ह्या सगळ्यांच्या आधी 'एच. एम. आय. एस.' म्हणजे 'हिज मॅजेस्टीज इंडियन शिप' अशी पदवी. प्रभावतीच्या ओळीत लिहिलेलं, १९३३ ची बांधणी, ५५६ टन. आणि पुढे, ८ डिसेंबर १९४१, ब्रिटिश क्रूझर ग्लासगोच्या तोफांनी चुकून बुडाली.

आपल्याच माणसांनी. तोफा मारून. लढाईत.

दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. मग बाबांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि नंतर म्हणाले, "म्हणजे आई बरोबर होती की रे."

आता पहिला प्रश्न असा, की आंब्याच्या पेट्या नि चाकरमानी वाहणारी बोट नौदलात गेलीच कशी?

१९३४ मध्ये 'रॉयल इंडियन नेव्ही' हे नाव मिळालं खरं, पण १९३९ मध्ये लढाई सुरू झाली तेव्हा हे नौदल म्हणजे पाच स्लूप (क्रूझरपेक्षा पुष्कळ लहान अशा युद्धनौका), एक गस्ती नौका आणि एक सर्वेक्षणाचं जहाज. अधिकारी आणि खलाशी मिळून माणसं दोन हजारांच्याही आत. त्यांतले बरेचसे खलाशी आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले, विशेषतः कोकणी मुसलमान घरांतले, पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी. एवढ्याशा आरमारानं कराचीपासून कलकत्त्यापर्यंतचा किनारा सांभाळायचा! ती एकुलती गस्ती नौका, पठाण, तीही जून १९४० मध्ये मुंबईच्या जवळच बुडाली. नवी जहाजं बांधून यायला वर्षं लागणार. मग हाताशी काय आहे, तर किनाऱ्यावर रोज ये-जा करणाऱ्या बोटी. कोकणच्या बंदरांवर मुख्यतः बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी चालत. सरकारनं अशा बोटी ताब्यात घेतल्या आणि त्यांना नौदलात भरती केलं.

गाव मोठं, पोलीस कमी, म्हणून गावातल्याच धट्ट्याकट्ट्या पोरांना काठ्या देऊन राखणीला उभं करतात ना, तसंच हे.

पण भीती नक्की कशाची होती? मुंबईवर जर्मन आरमार थोडंच चालून येणार होतं! भीती होती सुरुंगांची. आणि तिच्यामागे पहिल्या महायुद्धातला एक कडू अनुभव होता. ती गोष्टही एका मालवाहू जहाजाचीच आहे, म्हणून सांगतो.

जर्मनीत ब्रेमेनला हान्झा नावाची मोठी जहाज कंपनी होती. हिंदुस्थानशी व्यापार हा तिचा मुख्य धंदा. तिचं १९१३ मध्ये बांधलेलं वाख्टफेल्स नावाचं एक साधं मालवाहू जहाज होतं. पाच हजार आठशे टनांचं, वेग जेमतेम अकरा नॉट. पहिल्या महायुद्धात जर्मन नौदलानं ते घेतलं, त्यावर सात मोठ्या तोफा बसवल्या आणि त्या खोट्या फळ्यांआड लपवल्या. पोटात साडेचारशेहून जास्त सुरुंग भरले, वर एक छोटं समुद्री विमानही ठेवलं, आणि नाव दिलं वोल्फ, म्हणजे लांडगा. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तो लांडगा दिसत नसे. दिसायचं ते संथपणे चाललेलं, गंजकं, गरीब मालवाहू जहाज.

३० नोव्हेंबर १९१६ ला हे जहाज कील बंदरातून निघालं आणि २४ फेब्रुवारी १९१८ ला परत कीललाच पोचलं. मधे ४५१ दिवस. एवढ्या काळात एकाही बंदरात गेलं नाही. पकडलेल्या जहाजांमधला कोळसा नि अन्न घ्यायचं, त्यांवरच्या माणसांना कैदी करायचं आणि जहाज बुडवायचं, असा उद्योग. परत आलं तेव्हा पोटात चारशेहून जास्त कैदी होते.

ह्या वोल्फनं फेब्रुवारी १९१७ मध्ये मुंबईच्या वाटेवर सुरुंग पेरले. कुणाला पत्ताही लागला नाही. जून महिन्यात, ऐन पावसाळ्यात, त्या सुरुंगांनी आपलं काम केलं. सिटी ऑफ एक्झेटर हे जहाज सुरुंगावर आदळून जखमी झालं. क्रॉक्स्टेथ हॉल हे मालवाहू जहाज बुडालं. आणि २३ जूनला पी अँड ओ कंपनीचं साडेनऊ हजार टनांचं मंगोलिया हे मोठं प्रवासी जहाज मुंबईच्या दक्षिणेला, म्हणजे आपल्या कोकणासमोर, बुडालं. वोल्फ तोपर्यंत हजारो मैल दूर दक्षिणेकडे पोचलं होतं.

म्हणजे पहा, शत्रूचं जहाज समोर असायची गरजच नाही. तो रात्री येऊन पेरून जातो, आणि पीक चार महिन्यांनी येतं. त्यामुळे पुढच्या लढाईत बंदराची वाट रोज झाडून काढावी लागणार हे उघड होतं. अगदी आपण अंगण झाडतो तसं, रोज.

झाडायची रीत मोठी विलक्षण आहे. त्या काळचा नेहमीचा सुरुंग म्हणजे लोखंडी गोळा, तळाशी जड नांगर, मधे तार. गोळा पाण्याच्या पृष्ठभागाखाली तरंगत राहतो. त्याला शिंगं असतात, आणि जहाज त्यांवर घासलं की शिंगातली काचेची नळी फुटून स्फोट होतो. सुरुंग काढणारी बोट मागे एक लांबलचक दोर ओढत नेते. दोराला कातऱ्या, टोकाला तरंगणारा फ्लोट. दोर सुरुंगाच्या तारेला अडकला की कातरी तार तोडते, सुरुंग वर येतो, मग लांबून बंदुकीनं गोळ्या घालून तो फोडायचा किंवा बुडवायचा. ह्या पद्धतीचं नाव ओरोपेसा. हे नावही पहिल्या महायुद्धात ज्या मासेमारी बोटीवर ती पद्धत बसवली तिचंच. शिवाय दुसऱ्या महायुद्धात चुंबकी सुरुंग आले. त्यांना धक्का लागायचीही गरज नाही, वरून लोखंडी जहाज गेलं की पुरे. त्यावर उपाय म्हणून जहाजाभोवती तांब्याच्या तारांचं वेटोळं घालून त्यात वीज सोडत आणि जहाजाचं चुंबकत्व मारत.

ह्या कामाला मोठी युद्धनौका नकोच असते. लहान, उथळ पाण्यात चालणारी, वळायला सोपी आणि (हे कुणी उघड बोलत नाही) बुडाली तरी फार मोठं नुकसान नाही अशी बोट लागते. कोकणातल्या बंदरांत, खाड्यांच्या तोंडाशी, वाळूचे पट्टे चुकवत चालणाऱ्या बोटींपेक्षा चांगली बोट कुठून आणणार? काही बोटी सुरुंग काढायला, काही गस्तीला.

एरवी अशा बोटीचं रूपांतर कसं होई, तर पुढच्या टोकाला डेकखाली आधाराचे खांब घालून वर एक जुनी तोफ बसवत. मागे पाणबुडीविरुद्ध टाकायचे पाणसुरुंग. जिथे माल चढवायची कप्पी होती तिथे दोर ओढायची. डेकवर उतारूंच्या जागी दारूगोळ्याच्या पेट्या. आणि सगळ्यात शेवटी रंग. धुराड्यावरची कंपनीची खूण पुसून सगळी बोट राखाडी. लढाईतल्या जहाजांना रात्री दिवे बंद. किनाऱ्यावरची माणसं ज्या बोटीला तिच्या भोंग्यावरून नि दिव्यांवरून ओळखत होती, तिची ओळखायची प्रत्येक खूण काढून टाकलेली.

नाव मात्र तेच ठेवलं. प्रभावती.

ह्या बोटींपैकी पार्वती आधी गेली. १९२७ ची, दीड हजार टनांवरची, म्हणजे प्रभावतीच्या जवळजवळ तिप्पट. तांबड्या समुद्रात इटलीची बंदरं एकेक करून पडत होती. मसावा एप्रिल १९४१ मध्ये पडलं होतं, असाब अजून इटलीच्या हातात होतं. ३० एप्रिल १९४१ ला असाबजवळ पार्वती सुरुंगावर गेली आणि बुडाली. कोकण किनाऱ्यासारख्या पाण्यात चालणारी बोट, आणि शेवट झाला आफ्रिकेच्या काठाला.

आणि प्रभावतीचा तर घराजवळच, अरबी समुद्रात.

ती तारीख नीट पहा. ८ डिसेंबर १९४१. आदल्याच दिवशी जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला होता. मलायात जपानी सैन्य उतरलं होतं. तोपर्यंत आपल्या बाजूच्या समुद्रात जपान हा शत्रूच नव्हता, आणि आता एका दिवसात कुठल्याही लाटेआड जपानी पाणबुडी असू शकत होती. पुढे दोनच दिवसांनी प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स ही ब्रिटनची दोन मोठी जहाजं जपानी विमानांनी बुडवली. म्हणजे ती भीती अगदीच खोटी नव्हती.

त्या रात्री प्रभावती दोन बार्ज मागे बांधून कराचीकडे चालली होती. काम अगदी हमालीचं, तिच्या जुन्या कामासारखंच. वाटेत दोर तुटला, तो पुन्हा बांधायला ती थांबली आणि बार्जच्या अगदी कडेला लागून उभी राहिली. दिवे बंद. त्याच वेळी तिथे ग्लासगो आली. बारा सहा-इंची तोफांची, नऊ हजार टनांची क्रूझर. तिच्या पहाऱ्यावरच्या माणसांना सुमारे साडेपाच किलोमीटरवर पाण्यालगत काहीतरी काळं, लांबट, बसकं दिसलं आणि मधे एक उंचवटा. बार्ज म्हणजे पाणबुडीची पाठ, आणि मधली प्रभावती म्हणजे तिचा मनोरा, असंच वाटलं असणार. जपानी पाणबुडी वर आली आहे असं समजून ग्लासगोनं तोफा डागल्या. सहा-इंची तोफेचा एक गोळा पन्नास किलोचा असतो. साडेपाचशे टनांच्या बोटीला किती गोळे लागणार?

मी हे वाचलं तेव्हा ग्लासगोवरच्या लोकांचा राग आला. मग थोडा विचार केल्यावर तितकासा राहिला नाही. तेही घाबरलेले होते. दोर बांधणारे खलाशी आणि तोफा डागणारे गोलंदाज एकाच राजाच्या नोकरीत. सकाळी भेटले असते तर एकमेकांना हात हलवला असता.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. वोल्फ हे खरं लांडगं, साडेचारशे दिवस बिनधास्त फिरलं, कारण पाहणाऱ्याला ते साधं मालवाहू जहाज वाटायचं. आणि प्रभावती, जी खरोखरच साधी मालवाहू बोट होती, ती मेली, कारण पाहणाऱ्याला ती पाणबुडी वाटली. वोल्फचं पुढे काय झालं माहीत आहे? लढाई संपल्यावर ते फ्रान्सला मिळालं, आन्टिनूस असं नवं नाव लागलं, आणि पुन्हा मुकाट्यानं माल वाहायला लागलं. प्रभावतीला मात्र परत येऊन आंब्याच्या पेट्या चढवता आल्या नाहीत.

असं नाही की आपल्या नौदलाच्या त्या काळातल्या सगळ्याच गोष्टी विसरल्या गेल्या. बेंगालची गोष्ट अभिमानानं सांगितली जाते, आणि सांगायलाच हवी. ११ नोव्हेंबर १९४२ ला सुरुंग काढणारी ती छोटी भारतीय नौका ओंडिना नावाच्या डच तेलवाहू जहाजाबरोबर चालली होती. दोन जपानी जहाजं चालून आली, होकोकु मारू आणि आयकोकु मारू, प्रत्येकी दहा हजार टनांवरची. (तीही मुळात प्रवासी नि माल वाहण्यासाठी बांधलेली, नंतर तोफा चढवलेली! लढाईत कुणाचंच मूळचं रूप राहत नाही.) बेंगालवर एक छोटी तोफ. तरी ती पळाली नाही, सरळ शत्रूच्या अंगावर गेली. त्या झुंजीत होकोकु मारू बुडाली आणि बेंगाल आणि ओंडिना दोघीही वाचल्या.

अशी गोष्ट सांगायला कुणालाही आवडेल. तिला शत्रू आहे, शौर्य आहे, विजय आहे. रामदासची गोष्ट वेगळी, पण तिलाही सांगणारे मिळाले, कारण गेलेली माणसं घराघरांतली होती. प्रभावतीची गोष्ट कुणी सांगायची? ती लढाईत गेली, पण लढली नाही. बुडवणारे शत्रू नव्हते, त्यामुळे त्यांच्यावर चिडायचीही सोय नाही. कोकणच्या बोटींच्या आठवणींत ती बसत नाही, कारण ती गेली तेव्हा नौदलाची होती. नौदलाच्या पराक्रमांत बसत नाही, कारण ती दोन बार्ज ओढत होती.

जहाजांच्या बाबतीत आपण बहुधा त्यांचा एकच जन्म लक्षात ठेवतो. ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो, कारण १९१९ मध्ये त्या दिवशी सिंदिया कंपनीची लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडला निघाली. वालचंद हिराचंद वगैरे मंडळींचं ते धाडस आपल्याला ठाऊक असतं. पण हीच लॉयल्टी आधी एम्प्रेस ऑफ इंडिया नावाचं प्रवासी जहाज होती, आणि पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेऊन हिंदी सैनिकांसाठी तरंगतं इस्पितळ केली होती, हे किती जणांना माहीत असतं? मला तरी परवापर्यंत नव्हतं.

वळिवडेबद्दल सांगतो म्हणालो होतो. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका नि मुलं. आज तिथे गांधीनगर आहे. महावीर उद्यानातला त्यांचा स्मृतिस्तंभ आपण सगळ्यांनी पाहिलाय. ती मुलं म्हातारी होऊन कोल्हापूर पाहायला यायची, आणि आपण त्यांच्या आठवणी किती प्रेमानं ऐकायचो! ऐकायलाच हव्यात. फक्त मला वाटून गेलं, की पोलंडहून आलेल्या आजीबाईंनी लढाईची गोष्ट सांगितली तर आम्ही वही घेऊन बसलो, आणि घरातली आजी लढाईचीच गोष्ट सांगत होती तेव्हा आम्ही तिची नक्कल करत होतो.

तिला हे सगळं कसं ठाऊक होतं, हे आता कोडं वाटत नाही. युद्धात अशी बातमी वर्तमानपत्रात कोण छापणार! पण ज्या गावांतून खलाशी जातात त्या गावांना वर्तमानपत्र लागत नाही. बोटी बंदरात थांबतात, माणसं बोलतात, बातमी खाडीनं वर चढत जाते. दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या कानावर एवढंच आलं असेल की आपली प्रभावती आपल्याच माणसांनी बुडवली. तिनं ते तसंच्या तसं सत्तर वर्षं जपलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. चूक होती ती आम्हा शिकलेल्यांची. आम्हाला एकच बोट माहीत होती, म्हणून बुडालेली प्रत्येक बोट रामदास.

मुंबईत मशीद बंदराजवळ भारतीय खलाशी गृह आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या अविभाजित हिंदुस्थानच्या नौदलाच्या चारशेहून जास्त आणि व्यापारी जहाजांवरच्या जवळजवळ सहा हजार खलाशांची नावं असलेलं एक पुस्तक तिथे ठेवलेलं आहे. त्याची जोडप्रत चितगावच्या युद्ध स्मशानभूमीत आहे. सहा हजार म्हणजे रामदासच्या कितीपट, तुम्हीच हिशेब करा. पुढच्या वेळी मुंबईला गेलो की तिथे जायचं ठरवलंय. बाबाही येतो म्हणालेत. रेल्वेनंच जाऊ, बोटी तर केव्हाच बंद झाल्या.

असो. तर काका, आत्या आणि समस्त आरोपी मंडळी, हे वाचून झालं असेल तर "प्रभावती बुडाली वाटतं" हे वाक्य आजपासून घरात थट्टेत वापरायचं नाही. ती खरंच बुडाली होती.